मनिऑर्डरची पोच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीतल्या मित्राचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणीसाठी असेल. तो म्हणाला, "वर्गणी तर दे, पण दहा मिनिटं बोल पण. तू पुण्यात नेमकं काय करतोस ते एकदा सांग. आम्ही लोकांना 'कंप्युटरमध्ये आहे' एवढंच सांगतो." मी म्हटलं, "अरे, माझ्या बायकोलाही त्यापेक्षा जास्त सांगता येत नाही." पण त्याने सोडलं नाही. म्हणून उभा आहे. गणिताचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे पायऱ्या गाळता येणार नाहीत. सर पायरीचे मार्क कापायचे.

माझं काम एका वाक्यात सांगतो. मोठ्या कंपन्यांमध्ये एकच कंप्युटर सिस्टिम नसते. हिशेबाची वेगळी, गोदामाची वेगळी, पगाराची वेगळी, बँकेची आणि सरकारची तर आणखी वेगळी. या सिस्टिम एकमेकींना निरोप पाठवतात, एकमेकींकडून काम करून घेतात. कोणता निरोप कोणत्या वाटेने जावा, पाठवणाऱ्याने उत्तरासाठी थांबावं की पुढे जावं, हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी. पंचवीस वर्षं हेच करतोय.

हे समजावून सांगायला मला आपल्या जवळ्यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही. आपल्या लहानपणी गावात निरोप किती रीतींनी जायचा ते आठवा. पोस्टकार्ड होतं. टाकलं पेटीत की आपण मोकळे. रजिस्टर होतं, त्याची पोच यायची. ट्रंक कॉल होता, तो लागेपर्यंत आणि संपेपर्यंत माणूस तिथून हलायचा नाही. परभणीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देता यायची. आणि पी.पी. नंबर होता. आमच्या घरी फोन नव्हता, मोंढ्यातल्या आडत दुकानाचा नंबर मी सगळीकडे आमचा म्हणून दिलेला. फोन तिथे यायचा आणि दुकानातलं पोरगं पळत घरी यायचं.

आता या वाटा डोक्यात ठेवा आणि माझ्या स्क्रीनकडे चला.

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याचं नाव सॅप. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी १९७२ साली जर्मनीत ही कंपनी काढली. त्यात एका सिस्टिमने दुसरीला काम सांगण्याच्या सोयीला आरएफसी म्हणतात, म्हणजे दूरच्या मशिनला मारलेली हाक. हाक कुठे मारायची याची नोंद एसएम ५९ नावाच्या स्क्रीनवर करतात. तिथे नवीन नोंद करायला गेलात की पहिलाच प्रश्न येतो : जोडणीचा प्रकार कोणता? नवीन पोरं इथेच अडतात, कारण समोर नुसती अक्षरं आणि आकडे असतात.

प्रकार ३ म्हणजे समोर सुद्धा सॅपच आहे. दोघांची भाषा एक, बोलायची पद्धत एक. जवळ्याच्या माणसाने हट्ट्याच्या माणसाशी बोलावं तसं. प्रकार आय म्हणजे आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीला हाक. प्रकार टी म्हणजे समोर सॅप नाही, बाहेरचा एखादा प्रोग्रॅम आहे. त्याला हाक मारायच्या दोन पद्धती. एक, गरज पडली की तो सुरू करायचा. दुसरी, त्या प्रोग्रॅमने स्वतःच सकाळी दारात येऊन नाव नोंदवून बसायचं, काम आलं की दारावरून त्याला पुकारायचं. मोंढ्यात हमाल सकाळी येऊन बसतात आणि गाडी लागली की हाक येते, अगदी तसं. प्रकार एच आणि जी म्हणजे इंटरनेटची वाट, जिने तुमच्या मोबाइलवर वेबसाइट उघडते. समोर सॅप असेल तर एच, परकी सिस्टिम असेल तर जी. आणि प्रकार एल म्हणजे आपला पी.पी. नंबर. तिथे स्वतःचा पत्ता नसतोच, दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलेलं असतं, हाक तिकडे वळते.

यातला कोणता निवडायचा हे बहुतेक वेळा समोर कोण आहे यावरून ठरतं. ते अवघड नाही. अवघड पुढे आहे. ही निवड फक्त रस्ता ठरवते. रस्त्यावरून निरोप कसा जाणार, हे वेगळं ठरवायचं असतं. तिथे चार रीती आहेत.

पहिली, ट्रंक कॉलची. हाक मारली, उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. दुसरी, रस्त्याने जाताजाता घरात आवाज देऊन पुढे निघायचं. घरात कोणी असलं तर ऐकेल, नसलं तर हाक वाया. तिसरी, रजिस्टरची. निरोप आधी आपल्या वहीत लिहायचा, त्याला एक नंबर द्यायचा आणि मग पाठवायचा. समोरचं दार बंद असलं तर पुन्हा पाठवायचा, पण नंबर तोच ठेवायचा, म्हणजे दोनदा पोहोचला तरी समोरच्याला कळतं की हे आधीच झालेलं आहे. चौथी रीत तिसरीसारखीच, फक्त रांगेची. आधीचा गेल्याशिवाय पुढचा जायचा नाही. बिल आधी आणि ते बिल रद्द केल्याचा निरोप नंतर, हा क्रम उलटला तर हिशेब कोसळतो, म्हणून रांग. पण रांगेचा तोटाही आहे. अरुंद पुलावर एक गाडी मोडली की मागच्या सगळ्या थांबतात.

हे सगळं मला नोकरीत शिकवलं होतं, पाठ होतं, आणि तरीही मी चुकलो. त्याची गोष्ट सांगायची आहे. पण तिची सुरुवात कारखान्यात झालेली नाही, आपल्या पोस्टात झालेली आहे.

बारावीनंतर १९९५ साली मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. शिकून बाहेर पडेपर्यंत, १ मे १९९९ ला, हिंगोली झाला होता. सुरुवातीला फॉर्मवर जिल्हा लिहिताना हात अडखळायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर महिन्याला पाचशे रुपयांची मनिऑर्डर करायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्या मुलांसाठी सांगतो. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा. पैसे हातात पडले की त्यावर सही करायची, आणि तो तुकडा पोस्टातून पाठवणाऱ्याकडे परत जायचा. ती पोच. अण्णा त्या पोचा तारेला टोचून ठेवायचे, दुकानदार बिलं ठेवतात तशा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका महिन्याची पोच आलीच नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. अण्णांना वाटलं पैसे पोहोचले नाहीत, पोरगं मेसमध्ये उपाशी असेल. त्यांनी आडत्याकडून पाचशे रुपये उचल घेतली आणि पुन्हा मनिऑर्डर केली. इकडे पुण्यात मला पहिलीही मिळाली होती आणि दुसरीही मिळाली. मला काय झालं असेल ते समजत होतं. पत्र लिहून कळवायला पाच मिनिटं लागली असती. मी कळवलं नाही. त्या पैशांतून मी कंप्युटरच्या एका खासगी क्लासची फी भरली. चांगल्या कामाला लावले, असं स्वतःला सांगितलं. पण उचल अण्णांच्या डोक्यावर होती आणि ती हंगामाला सोयाबीन घातल्यावर फिटली, हे मला ठाऊक होतं.

आता कारखाना. नाव सांगत नाही, आणि चूक त्यांची नव्हतीही. साल २००८. पुण्याजवळचा कारखाना. माल भरलेला ट्रक गेटवर आला की मुख्य सिस्टिम वाहतुकीचा हिशेब ठेवणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमला सांगायची : ही गाडी निघाली, हिच्या भाड्याची उचल नोंदवा. तिचं होकाराचं उत्तर आलं की मग गेटपास छापायचा. जोडणी मी केली. समोर बाहेरचा प्रोग्रॅम, म्हणून प्रकार टी. बरोबर निवडला. रीत निवडली पहिली, ट्रंक कॉलची. उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. चाचणीत उत्तर एका सेकंदात येत होतं. मग अडचण कसली?

३१ मार्चची रात्र आली. वर्षअखेर, सगळ्यांना माल आजच्या तारखेत बाहेर काढायचा. दुसरी सिस्टिम दमली. एका सेकंदाचं उत्तर मिनिटावर गेलं, मग काही मिनिटांवर. आता एक तांत्रिक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. सर्व्हरवर काम करणारे हात मोजके असतात, त्यांना वर्क प्रोसेस म्हणतात. उत्तराची वाट बघत उभी असलेली प्रत्येक हाक एक हात अडवून ठेवते. तो हात काही करत नसतो, नुसता रिसीव्हर कानाला लावून उभा असतो. अर्ध्या तासात सगळे हात रिसीव्हर धरून उभे. मग ज्याचा वाहतुकीशी काही संबंध नाही, अशा हिशेबाच्या लोकांनाही सिस्टिम उघडेना. दुखणं एका सिस्टिमला होतं, आडव्या झाल्या दोन.

गेटवर ट्रकची रांग लागली. गेटवरच्या क्लार्कला स्क्रीनवर दिसत होतं, "वेळ संपली." त्याने पुन्हा बटण दाबलं. कोणीही दाबेल. अण्णांनी तेच केलं होतं. पण "वेळ संपली" याचा अर्थ समोर काम झालं नाही असा नव्हता. काही गाड्यांच्या बाबतीत समोर उचल नोंदली गेली होती, फक्त त्याची पोच परत आली नव्हती. क्लार्कने पुन्हा बटण दाबल्यावर ती दुसऱ्यांदा नोंदली गेली. काही गाडीवाल्यांच्या खात्यात भाड्याची उचल दोनदा गेली.

चूक आठवड्याने उघड झाली आणि वसुली पुढच्या फेरीतून एकदम कापली गेली. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण एकच ट्रक असलेला, स्वतःच चालवणारा एक माणूस हिशेबाच्या ऑफिसात आला. त्याच्या पुढच्या फेरीच्या डिझेलला पैसे उरले नव्हते. मी योगायोगाने तिथेच बसलो होतो. तो म्हणाला, "साहेब, पैसे तुम्ही दोनदा पाठवले. मी मागितले नव्हते. आता कापताना तरी एकदा विचारायचं." त्याला उत्तर कोणीच दिलं नाही. मीही नाही. पण त्या दिवशी मला ती तार आठवली, पोचा टोचलेली.

नंतर आम्ही दोन आठवडे बसून ते काम पुन्हा केलं. गेटपास उत्तरावर अडकवायचा नाही, असं ठरवलं. निरोप तिसऱ्या रीतीने पाठवायचा, म्हणजे आधी वहीत नोंद, मग नंबर, मग पाठवणी. समोर सॅप असतं तर तो नंबर आधी येऊन गेलाय का, हे त्यानेच तपासलं असतं. पण समोर बाहेरचा प्रोग्रॅम होता. तिथे ही तपासणी लिहिणाऱ्यालाच लिहावी लागते, आपोआप होत नाही. ती लिहून घेतली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडकलेले निरोप दिसतात तो स्क्रीन रोज सकाळी उघडायचा, हे एका माणसाच्या नावाने लिहून ठेवलं. नाहीतर निरोप वहीत सुखरूप पडून राहतात आणि तिकडे काम झालेलं नसतं. कोणी उघडतच नाही अशी पोस्टाची पेटी काय कामाची?

तेव्हापासून माझ्या हाताखाली नवीन मुलगा किंवा मुलगी आली की मी प्रकार पाठ करायला सांगत नाही. तीन प्रश्न विचारायला सांगतो. वाट कोण बघतंय, आणि समोरचा आजारी पडला तर त्या वाट बघणाऱ्याचं काय होईल? हा निरोप दोनदा पोहोचला तर कोणाचं नुकसान होईल? आणि ही हाक कोणाच्या नावाने जाते आहे? तिसऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. बऱ्याच जोडण्यांत एक युझर आणि त्याचा पासवर्ड साठवलेला असतो. सोय म्हणून लोक तिथे सगळे अधिकार असलेला युझर टाकून देतात. म्हणजे कोऱ्या व्हाउचरवर सही करून दुकानात टांगून ठेवण्यासारखं. ज्या कामाची जोडणी, तेवढाच अधिकार द्यावा.

कोणी म्हणेल, मग उभं राहायची रीत वापरूच नये का? वापरावी. उत्तराशिवाय पुढचं पाऊलच टाकता येत नसेल तिथे उभंच राहावं लागतं. याचं उदाहरण आज आपल्या मोंढ्यापर्यंत आलंय. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना सक्तीचं झालं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्यांना. त्यामुळे आपल्या वसमत-हिंगोलीकडच्या हळदीच्या मोठ्या व्यापाऱ्यांनाही ते चुकलेलं नाही. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला केलेलं बिल सरकारी पोर्टलवर जातं, तिथून ६४ अक्षरांचा नंबर येतो, आणि तो आल्याशिवाय बिल पक्कं नाही. इथे थांबायलाच हवं. पण ज्यांनी हे रचलं त्यांनी अण्णांची अडचण आधीच ओळखली होती, असं मला नेहमी वाटतं. तो नंबर मनाने दिलेला नसतो. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांतूनच तो गणिताने निघतो. त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवलं तर नंबरही तोच निघतो, आणि पोर्टल सांगतं की हे आधीच नोंदलेलं आहे. उत्तर वाटेत हरवलं तर बिलाचा तपशील देऊन तो नंबर पुन्हा मागताही येतो. सर, पायरी बरोबर असली की उत्तर कितीही वेळा काढा, तेच येतं, हे तुम्हीच शिकवलंय.

आणि ज्यांचा ई-इन्व्हॉइसशी संबंध नाही त्यांच्यासाठी यूपीआय. किराणा दुकानात पैसे पाठवले, मोबाइलवर "पेंडिंग" आलं. दुकानदार म्हणतो आले नाहीत, पाठवा पुन्हा. मित्रांनो, लगेच पुन्हा पाठवू नका. खात्यातून गेले का ते बघा, १२ आकडी व्यवहार क्रमांक बघा, मग ठरवा. अण्णांकडेही मनिऑर्डरची पावती होती, तिच्यावर नंबर होता. तो दाखवून पोस्टात चौकशी करता आली असती. पण पोरगं उपाशी असेल या भीतीने त्यांनी चौकशी केली नाही, उचल घेतली. भीती वाटली की माणूस बटण पुन्हा दाबतोच. म्हणून दोष बटण दाबणाऱ्याला देता येत नाही. ते दोनदा दाबलं तरी काम एकदाच होईल अशी सोय करणं, हे आमच्यासारख्यांचं काम आहे.

आता शेवटचं. त्या गाडीवाल्याच्या प्रसंगानंतर दिवाळीला मी जवळ्याला आलो. रात्री जेवण झाल्यावर अण्णांना सांगून टाकलं की त्या साली दोन मनिऑर्डरी मिळाल्या होत्या आणि मी कळवलं नाही. बारा वर्षं उलटून गेली होती. अण्णा आत गेले, ती तार घेऊन आले, शोधून एक पोच काढली आणि माझ्या हातात दिली. पहिल्या मनिऑर्डरची होती ती. माझीच सही, महिनाभर उशिरा पोहोचलेली. म्हणाले, "आरं, पोच आली व्हती. दुसरी केल्यावर पंधरा दिसांनी आली. म्या बोललो का काही? म्हटलं, लागत असतील पोराला. सांगायचं आसंल तर सांगंल." बारा वर्षं त्यांना माहीत होतं, आणि ते मी सांगायची वाट बघत होते.

अण्णा आता नाहीत. ती पोच माझ्या पुण्याच्या टेबलच्या खणात आहे.

आपल्या या सभागृहात असे गुरुजन बसले आहेत ज्यांना आपल्यापैकी कित्येकांकडून तीस वर्षांत काही कळालेलं नाही. नोकरी लागली, घर झालं, मुलं झाली, काहीच नाही. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज "शुभ सकाळ" येतं, पण त्या ग्रुपवर सर आणि बाई नाहीत. त्यांनी निरोप पाठवले होते, आपल्याला मिळालेही होते. पोच आपल्याकडून राहिली आहे. तेव्हा जेवणाची पंगत बसली की आपापले कंपू करून बसू नका. एकेका सरांच्या, एकेका बाईंच्या शेजारी जाऊन बसा आणि आपलं काय झालं ते सांगा. मी गणिताच्या सरांच्या शेजारची जागा आधीच धरून ठेवली आहे.